काळ्या काठीचा मान

पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "तुमच्या घराण्यात काही बट्टा?"

मी साताऱ्याहून बडोद्यास कचेरीत कारकून म्हणून आलो होतो आणि पाणीगेटाच्या आत बिऱ्हाडाला जागा शोधत होतो. घरमालक गाव विचारतात, जात विचारतात, लग्न झालंय का ते विचारतात, याची मला एव्हाना सवय झाली होती. बट्ट्याचा प्रश्न मात्र नवा होता. यांना चोख माणूस हवा असणार असं समजून मी छाती पुढे काढून सांगितलं, की आमच्या घराण्यात तसलं काहीएक नाही.

त्यांचा चेहरा पडला. झोपाळा थांबवून त्यांनी विचारलं, "काहीच नाही?" सूर असा, की जणू मी आईवडील नसल्याचं सांगितलं होतं. त्यांच्या मागे त्यांची बायको उभी होती. तिनं मला डोळ्यांनी खूण केली. खोली हवेशीर होती, नळ दारात होता, आणि मी चालून चालून दमलो होतो. मी घाईघाईनं एक चुलते काढले. त्यांना म्हणे शाळेची घंटा चोरल्याबद्दल शाळेतून काढलं होतं. असे चुलते मला नव्हते.

"पितळेची की काशाची?"

"काशाची."

"सारू, सारू. बेसा ने, उभे का?" असं म्हणून त्यांनी मला झोपाळ्यावर शेजारी बसवून घेतलं, आणि खोली माझी झाली. पुढे सणावाराला ते त्या चुलत्यांची आठवणीनं चौकशी करत. एकदा कंटाळून मी चुलते वारल्याचं सांगितलं, तर त्यांनी मला रीतसर सुतक पाळायला लावलं. वाढलेल्या दाढीनं मी कचेरीत जात होतो आणि लोक माझं सांत्वन करत होते.

ते दरबारचे चोपदार होते. आम्ही सगळे त्यांना चोपदारसाहेबच म्हणत असू. दरबारात आणि मिरवणुकीत चांदीनं मढवलेली काठी घेऊन उभं राहायचं आणि महाराजांची बिरुदं पुकारायची, हे त्यांचं पिढीजात काम. बाकीच्या चोपदारांच्या काठ्या उन्हात डोळे दिपवत. यांची काठी मात्र तव्याच्या बुडासारखी काळी होती, आणि ती तशी असणं हाच यांचा सगळा अभिमान होता.

तिची हकिकत ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत. भाजीवालीलाही सांगितलेली मी ऐकली आहे. त्यांचे पणजोबा याच कामावर होते. एकदा भर दरबारात त्यांना उभ्या उभ्या डुलकी लागली, हातातली काठी निसटली आणि पाहुण्या सरदाराच्या पिकदाणीवर पडली. पिकदाणी सरदाराच्या मांडीवर उपडी झाली. तेव्हाच्या महाराजांनी जागच्या जागी तोंडी हुकूम दिला: याची काठी यापुढे काळीच राहील, ती कुणी उजळायची नाही, आणि मिरवणुकीत हा आमच्या हत्तीच्या अगदी पुढे, आमच्या नजरेसमोर चालेल, म्हणजे पुन्हा झोपला तर हत्तीच त्याला जागा करील.

आता हत्तीच्या पुढची जागा म्हणजे साऱ्या मिरवणुकीतली मानाची जागा. ती मिळावी म्हणून चांगले चांगले मानकरी झुरत असत. ती या घराण्याला एका डुलकीवर मिळाली होती. दसऱ्याला सोन्याच्या अंबारीचा हत्ती निघाला की त्याच्या सोंडेपासून हातभर अंतरावर चोपदारसाहेब काळी काठी उभी धरून चालत, आणि मांडवीपाशी जमलेलं सगळं बडोदं त्यांना बघत असे. मुलं ओरडत, "काळी काठी आली!" ते मान वळवत नसत, पण मिशा किंचित वर जात.

माझ्या डोक्यात कचेरी भिनलेली. मी एकदा म्हटलं, "चोपदारसाहेब, चांदी ठेवून दिली की आपोआप काळी पडते. तुम्ही तिला एवढं करता कशाला?" कारण दर अमावास्येला ते काजळी, डिंक आणि एरंडेल खलून त्या काठीला हात देत. कृती पणजोबांपासून चालत आलेली, बापानं मुलाला शिकवलेली. त्यात थोडाही फरक त्यांना खपत नसे.

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आपोआप पडते ती आळसाची काळी. ही शिक्षेची काळी आहे, कारकून. हिला निगा लागते."

माणसांची विभागणीही त्यांनी याच हिशेबानं केलेली होती. ज्यांच्या घराण्यात काही घडलेलं आहे ते, आणि बाकीचे बिचारे. कुणी आपल्या कुळाच्या निष्कलंकपणाची फुशारकी मारू लागला, तर ते त्याचं शांतपणे ऐकून घेत आणि तो गेल्यावर म्हणत, "चांगला माणूस आहे. पण त्याच्या पणजोबाचं नाव तरी कुणाला ठाऊक आहे?" मला माझ्या पणजोबांचं नाव आठवायला वेळ लागला होता.

काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, मत अगदी निराळं होतं. काकू घासणाऱ्या होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पितळी भांड्यात बघून मी दाढी केलेली आहे. राख, चिंच, लिंबू, रांगोळीची पूड, कशाला काय लागतं याचं त्यांना भलतंच ज्ञान, आणि देवाची उपकरणी तर अशी लख्ख की देव मागे दिसेनासे होत. अशा बाईच्या बैठकीच्या खोलीत, समोरच्या भिंतीवर, लोकरीच्या शालीत गुंडाळलेली ती काळी काठी टांगलेली. हळदीकुंकवाला बायका त्यांना "काळ्या काठीकडच्या" म्हणत. त्या हसून घेत, घरी येत आणि तांब्याचा बंब घासायला बसत.

"एवढं घर घासलं मी," त्या मला एकदा म्हणाल्या, "पण लग्न होऊन आल्यापासून या एका वस्तूला हात लावायची मुभा नाही. लोक मिरवणूक बघायला जातात. मी कधी गेले नाही. काय बघायचं? नवऱ्याची शिक्षा?"

असं सगळं छान चाललेलं असताना आमच्या खात्यावर नवे वरिष्ठ आले. त्या दिवसांत बडोद्यात सुधारणेचं वारं जोरात होतं. महाराज स्वतः शाळा, ग्रंथालयं, न्याय यांत बुडालेले, मग खालचे अधिकारी तरी मागे कसे राहतील? आमच्या वरिष्ठांनी जुन्या नेमणुका उपसायला घेतल्या. कधीच मेलेल्या एका पोपटाला डाळिंबं सोलून देणारा नोकर त्यांना सापडला. तो अजून रोज येत होता आणि डाळिंबं स्वतः खात होता. त्याच्या मागोमाग काळी काठी सापडली.

"पणजोबाच्या डुलकीची शिक्षा पणतवाला?" वरिष्ठांनी मला विचारलं. डुलकी जणू मी घेतली होती. "हे सुधारलेलं राज्य आहे. शिक्षा रद्द करा."

मी सगळी दप्तरं धुंडाळली. हुकूम कुठेच नव्हता. त्यात नवल नव्हतं, कारण ही गोष्ट मुळात पणजोबांनीच, ते महाराज आणि तो सरदार वारल्यावर, लोकांना सांगितलेली, आणि लोकांनी मानलेली. आपली अशी बेअब्रू कुणी खोटी सांगेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पण वरिष्ठ अडले. जो हुकूम कागदावर नाही तो रद्द कसा करायचा? दोन दिवस विचार करून त्यांनी तोड काढली: आधी शिक्षा कागदावर आणायची, मग ती माफ करायची. मसुदा माझ्याकडे आला.

घरी येऊन मी हे चोपदारसाहेबांना सांगितलं तेव्हा शेवटचा भाग त्यांच्या कानात शिरलाच नाही. शिक्षा लेखी होणार, एवढंच त्यांनी ऐकलं. काकूंना हाक मारून त्यांनी गूळपोळीची फर्माईश केली आणि माझ्याजवळ सरकून बसले.

"अक्षर चांगलं काढा ने. आणि 'अक्षम्य' घाला. अक्षम्य अपराध."

"अक्षम्य घातलं तर माफ कसा करणार?"

"तेच तर," ते म्हणाले.

मी घातला तो शब्द. वरिष्ठांनी खोडला. एका सोमवारी चोपदारसाहेबांना शिक्षेचा हुकूम वाचून दाखवण्यात आला. ते ताठ उभे होते आणि डोळ्यांत पाणी होतं. गुरुवारी माफीचा हुकूम वाचण्यात आला. या दसऱ्यापासून काठी उजळलेली असावी, चोपदारांनी नेमणुकीच्या ज्येष्ठतेनं चालावं. शिक्षेतली वर्षं ज्येष्ठतेत धरता येत नसल्यानं चोपदारसाहेब सगळ्यांत कनिष्ठ ठरले. म्हणजे सर्वांत शेवटी, हत्तींच्या चाऱ्याच्या गाड्यांपुढे.

मला हसू आलं होतं, पण घरी त्यांना बघून ते जिरलं. ते झोपाळ्यावर बसले होते आणि झोपाळा हलत नव्हता. राहतं घर सोडलं तर त्या माणसाजवळ दुसरं काही नव्हतं हो. जमीन नाही, मूलबाळ नाही, विद्या नाही. हत्तीपुढची हातभर जागा, तेवढीच त्यांची जहागीर, आणि ती आम्ही त्यांचं भलं करून काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी ते वरिष्ठांपुढे जाऊन उभे राहिले. मी शेजारच्या मेजावर होतो.

"साहेब, माझा गुन्हा कायम करा."

"अहो, तुमचा गुन्हा नव्हताच. तुम्ही काही केलेलं नाही."

"मग मला करू द्या."

वरिष्ठ म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस खात्यात दुसरा नाही." यापेक्षा कठोर त्यांना काही बोलता आलं नसतं.

मग चोपदारसाहेब गुन्हा करायला निघाले. पहिल्यांदा त्यांनी ठरवलं की बिरुदं पुकारताना मधलं एक गाळायचं. घरी त्यांनी तालीम केली, मला समोर बसवून. दरबारात मात्र ते बिरुद जवळ येताच जीभ आपली आपण चालली आणि नेहमीपेक्षा खणखणीत आवाजात म्हणून मोकळी झाली. मग त्यांनी थेट पणजोबांचाच मार्ग धरला. एका छोट्या दरबारात, परदेशी पाहुणे आलेले असताना, ते डोळे मिटून उभे राहिले. झोप काही येईना, पण डोळे मिटलेले लोकांना दिसतील एवढी आशा होती. ते दिसलेही. पाहुण्यांनी दुभाष्याकरवी सांगितलं, की हा सेवक किती भक्तिभावानं उभा आहे. चोपदारसाहेबांना शाल मिळाली. ती घेऊन ते घरी आले, काकूंच्या पुढ्यात टाकली आणि जेवले नाहीत.

"आमच्यानं काही होणार नाही," ते मला म्हणाले. "पणजोबांची गोष्टच वेगळी होती."

दसरा जवळ आला. सर्वपित्री अमावास्येला काकूंनी घटस्थापनेसाठी देवाची उपकरणी परसात घासायला काढली, आणि त्यांबरोबर भिंतीवरची काठीही उतरवली. हुकूम होता, आता कोण अडवणार? चोपदारसाहेबांनी तिकडे पाठ केली. ते पितरांच्या पानांकडे लागले. मला त्यांनी त्या दिवशी जेवायला थांबवलं होतं. खीर, वडे, सगळं साग्रसंगीत होतं, आणि पणजोबांचं पान केळीच्या सगळ्यांत मोठ्या तुकड्यावर वाढून कौलांवर ठेवलेलं होतं.

काकूंनी काठीला राख आणि लिंबू लावलं. काजळीची इतक्या वर्षांची साल निघायला वेळ लागला. मग त्यांचे हात थांबले. त्यांनी घासलेल्या जागेवर पाणी ओतलं, बोटानं चोळलं, नखानं ओरखडलं, आणि पदराला हात पुसत उठून उभ्या राहिल्या.

"अहो, इकडे या. ही चांदी नव्हे."

"काय नव्हे?"

"कथील आहे हे. कल्हईवाला लावतो ते. जन्मभर भांडी घासली मी, मला सांगू नका."

आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. काळ्याच्या खालून निघालं होतं ते मळकट, निस्तेज, पातेल्याच्या आतल्यासारखं काहीतरी. जिथे जिथे ओरखडलं तिथे तेच. मग हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं. पणजोबांना दरबारात झोप लागली नव्हती. पिकदाणी उपडी झाली नव्हती. सरदार कोरड्या मांडीनं घरी गेले होते. पणजोबांनी सरकारी काठीवरची चांदी काढून विकली होती, खाली कथलाचा पत्रा ठोकला होता, आणि तो कुणाला दिसू नये म्हणून ही सगळी काळी शिक्षा स्वतःच स्वतःला केली होती. काजळीची कृती मुलाला शिकवून, हत्तीपुढची जागा पटकावून ते सुखानं वारले होते.

तेवढ्यात कौलांवर कावळा आला आणि क्षणभरही न थांबता पणजोबांच्या पानाला शिवला. त्यानं वडाच उचलला. एरवी पितर नाराज असले की कावळा ताटकळत ठेवतो. पणजोबांना कसलीच रुखरुख नव्हती.

"हाड, हाड," चोपदारसाहेब ओरडले. त्यांनी हातातली पळी कावळ्याकडे फेकली. पितरांच्या कावळ्याला हाकललेलं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. काकू म्हणाल्या, "अहो, ते पणजोबा आहेत." ते म्हणाले, "म्हणूनच."

मला एक गोष्ट सुचली आणि ती मी बोलून गेलो. "चोपदारसाहेब, आता खराखुरा गुन्हा हाती आलाय. उद्या कचेरीत सांगू. ही शिक्षा कुणाच्या बापाला माफ करता येणार नाही."

मला वाटलं ते उडी मारतील. ते विहिरीच्या काठावर बसले. चेहरा राखेसारखा झाला होता.

"नको," ते म्हणाले. "कुणाला सांगू नका."

"पण तुम्हीच तर…"

"झोप लागली हे सांगता येतं, कारकून. चोरी केली हे कसं सांगू?"

भाजीवालीला बोलावून आपला कलंक सांगणारा माणूस तो. त्या दुपारी परसाचं दार लावून घ्यायला त्यांनी मला सांगितलं. मला त्यांची फार दया आली. इतकी वर्षं ते जे मिरवत होते ते काय होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि मलाही.

काकू मात्र आत गेल्या होत्या. त्या आल्या त्या ओच्यात काहीतरी घेऊन. विहिरीच्या काठावर त्यांनी एकेक वस्तू मांडली. चांदीचा करंडा, अत्तरदाणी, आणि पायातले दोन जाड तोडे, माहेरून आलेले. सगळं इतकं लख्ख होतं की परसात उजेड पडल्यासारखं झालं.

"छाणी गावाला कारागिराकडे घेऊन जा. तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. पत्रा करून मढवून आणा."

"अगं, तुझं स्त्रीधन आहे हे."

"राज्याची वस्तू आहे. राज्याला परत गेली पाहिजे."

"पण तुझे तोडे…"

"तुमच्या घराण्यानं चांदी घेतली," काकू म्हणाल्या. "कुणीतरी दिली असंही होऊ द्या."

चोपदारसाहेबांनी करंडा, अत्तरदाणी आणि शेवटी तोडे उचलून उपरण्यात बांधले. मी त्यांच्याबरोबर छाणीला गेलो. कारागिरानं विचारलं, "एवढं चांगलं काम का मोडता?" चोपदारसाहेब म्हणाले, "घरात लगीन आहे." त्यांनी बोललेलं एवढं एकच खोटं मला ठाऊक आहे. चांदी पुरेल की नाही याची धास्ती होती. पुरली, मुठीपाशी जरा पातळ.

खंडेनवमीला, शस्त्रपूजेच्या वेळी, वरिष्ठांनी काठ्यांची पाहणी केली. या काठीपाशी ते थांबले, मूठभर फुलं वाहिली आणि प्रसन्नपणे म्हणाले, "पाहा, कशी उजळली. घराण्यावरचा डाग गेला." चोपदारसाहेब इतके खाली वाकले की पगडी जमिनीला टेकली, आणि बराच वेळ वर आले नाहीत. वरिष्ठांना वाटलं, कृतज्ञता.

दसऱ्याला काकू मिरवणूक बघायला आल्या. त्या माझ्याबरोबर मांडवीपाशी एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसल्या होत्या, आणि त्यांचे पाय मोकळे होते. हत्ती आला. त्याच्या पुढची जागा रिकामी होती. काही मुलं "काळी काठी कुठाय?" म्हणून इकडेतिकडे बघत राहिली, मग अंबारी आली आणि ती विसरली. हत्ती गेला की बडोदेकर घरी जातात. आमच्या शेजारचा गृहस्थ उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "हाथी गयो. हवे शुं जोवानुं?" आता बघायचं काय उरलं, म्हणून पाहता पाहता रस्त्याच्या दोन्ही कडा ओस पडल्या. थांबली ती फक्त ज्यांचं कुणीतरी मागे चालत होतं ती माणसं.

स्वार गेले, वाजंत्री गेली, चोपदार गेले. शेवटी चाऱ्याच्या गाड्यांच्या पुढे एकटे ते आले. काठी दोन्ही हातांनी धरलेली, मूठ जपून. दरबारी कामात इतकं सांभाळून धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. उतरत्या उन्हात ती अशी झळकत होती, की गाडीचा बैल बिचकून मान फिरवत होता. बघायला कुणी नव्हतं.

काकू ओट्यावर उठून उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ते अगदी समोरून जाईपर्यंत बघत राहिल्या.

"तोडे शोभतात हो त्यांना," त्या मला म्हणाल्या, आणि स्वयंपाकाला उशीर होईल म्हणून घराकडे निघाल्या.